बाबा छतावर आहेत

दुपारी तीनला बोटी बंद झाल्या. समोरच्या बेटावरचा ज्वालामुखी सकाळी फुटला होता आणि आता त्याच्याच धुरात विजा चमकत होत्या. धक्क्यावरच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे बेटावरच्या घरी निघालेले भाऊ-बहीण उभे होते. बाईंनी ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान तिकडेच लागले.

"दादा, सकाळी तर कडक ऊन होतं. ढग आले कुठून?"

"डोंगरानेच केले. गरम राख वर जाताना समुद्रावरची दमट हवा ओढून नेते. वर तिचे ढग होतात, कण एकमेकांवर घासतात आणि वीज पडते."

"मास्तरकी पुरे. बाबा काय म्हणाले?"

"छतावर चढून राख झाडतायत. पावसाने ती भिजली की जड होईल, पत्रे खाली बसतील म्हणे."

"विजा पडताना पत्र्यावर?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, पत्रे तू घातलेले, म्हणूनच भरवसा नाही."

"पुन्हा फोन लाव."

"लागला. बाबा, आधी खाली उतरा... बरं, ठेवतो. उतरतो म्हणाले. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. तुझं तोंड का पडलं?"

"मघाशी मी शेजारच्या काकांना सांगितलं, बाबा वर चढायच्या आत शिडी उचलून न्या."

"मग?"

"काका निवाऱ्यात पोचले. शिडी घेऊन."

"परत पाठव त्यांना."

"रस्ता बंद झालाय, दादा."

बेटावर पाऊस सुरू झाला होता. दादाच्या हातातला फोन वाजला. बाईंना पडद्यावरचं नाव दिसलं: बाबा.