दोन टीव्ही आणि एक नमस्कार

मंडळी, नमन झालं, गजर झाला. आता पाय पसरायचे असतील त्यांनी खुशाल पसरा, पण कान आवरून बसा! पूर्वरंगात एक प्रश्न टाकला होता, तो अजून तसाच लोंबकळतोय. समोर असलेली गोष्ट माणसाला दिसत का नाही? डोळे आहेत. चष्मा आहे. काहींनी तर गेल्याच महिन्यात नंबर बदललाय! तरी दिसत नाही. का?

तुम्ही म्हणाल, बुवा, माया आडवी येते. अहो, मायेला कशाला बदनाम करता प्रत्येक वेळी! मी सांगतो काय आडवं येतं. "यापेक्षा ते बरं का?" एवढासा प्रश्न आडवा येतो! भाजीवालीकडे येतो, देवळात येतो, लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या ताटावरही येतो. आणि त्याच्यापायी एका घरात काय घडलं, ते आज सांगणार आहे. ऐका!

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते गृहस्थ उद्या इथे येऊन बसतील आणि विचारतील, "बुवा, तुमचं कीर्तन चांगलं, की कालच्या बुवांचं?" तेव्हा आडनावही बदलून सांगतो. तेरदाळकर म्हणू. श्रीधरपंत तेरदाळकर!

श्रीधरपंतांची सगळी नोकरी छापखान्यात गेली. काम काय? डावीकडे मूळ कागद, उजवीकडे छापलेला कागद. याच्याकडे बघायचं, त्याच्याकडे बघायचं. काना, मात्रा, वेलांटी! चूक सापडली की पंतांचा चेहरा असा उजळायचा, की घरात बारसं असावं. नोकरी संपली, पण मान काही थांबेना! डावीकडे, उजवीकडे. दोन दुकानांतल्या भेंड्या. दोन पुड्यांतला चहा. अहो, लग्नाआधी प्रमिलाकाकूंना बघायला आले, त्याच दिवशी सकाळी दुसरी एक मुलगी बघून आले होते! हे काकूंना कळलं लग्नानंतर. आणि सांगितलं कुणी? यांनीच! "तुलना केल्याशिवाय निवड कशी करणार?" म्हणाले. काकूंनी तेव्हा जो डोक्याला हात लावला, तो आजतागायत तिथेच आहे!

त्या काकूंचीच ही गोष्ट. पंत बोलायचे, काकू सोसायच्या. मनातल्या मनात म्हणायच्या, "देवा, या माणसाला एकदा, एकदाच, पहिल्या झटक्यात 'बरं' म्हणू दे!"

या दोघांची नात गार्गी. मुलगा-सून नोकरीपायी गावोगाव फिरतात, म्हणून पोर वाढली आजीजवळ. आणि पोर कसली, वारा! अंगणात सापडायची नाही, माजघरात सापडायची नाही. वेणी घालायची तर काकूंना घरभर पळावं लागायचं. शाळेत गुरुजींनी खो-खोत घातलं आणि तेव्हापासून काकूंचं एक काम वाढलं. संध्याकाळी पोर मैदानावरून आली की तिच्या नडग्यांना तेल चोळायचं. "आजी, हळू!" "हळू काय? खांबावर आपटतेस तेव्हा हळू आपटतेस का?" तेल चोळता चोळता पोर मोठी झाली, क्रीडा वसतिगृहात गेली, राज्याच्या संघात निवडली गेली. राखीव म्हणून का होईना, पण निवडली गेली!

आणि फोन आला. "आजी! सामना ओडिशात आहे. टीव्हीवर दाखवणार आहेत!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी. "तू खेळशील ना गं?"

"बाई म्हणाल्यात, शेवटच्या तुकडीत उतरवते. एकदाच. आजी, ऐक. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही अशी ताकीद आहे. म्हणून मैदानात उतरताना मी खांबाला हात लावीन आणि तो हात कपाळाला लावीन. बघणाऱ्यांना वाटेल, खांबाला नमस्कार केला. पण तो तुला! तेवढं बघ हं. नक्की बघ!"

मंडळी, एवढंच मागणं होतं पोरीचं. बक्षीस नको, साडी नको. तेवढं बघ!

आता तेरदाळकरांच्या घरात टीव्ही होता. जुना, पाठीत पोक आलेला. त्यात सगळी माणसं जरा गुलाबी दिसायची. बातम्या देणारा गुलाबी, पुढारी गुलाबी, सासू-सून दोघी गुलाबी. पण दिसायची हो! काकूंची काही तक्रार नव्हती.

श्रीधरपंत गरजले, "माझी नात असल्या डब्यात दिसणार नाही! नवा घ्यायचा!"

आता इथे पंतांना नावं ठेवू नका. प्रेम होतं माणसाच्या पोटात. नातीसाठी चांगलं हवं, हे काय चुकलं? पण चांगलं हवं म्हणता म्हणता "अधिक चांगलं कुठलं?" सुरू झालं, आणि तिथे गाडी रुतली!

भोगीलालशेठच्या दुकानात गेले. काकूही बरोबर. भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर तेच ते. एक पोपट पंख पसरतो, एक संत्रं मधोमध कापलं जातं, एक धबधबा कोसळतो. पुन्हा पोपट! कुठल्या दुकानात टीव्हीवर तुमच्या-आमच्यासारखा माणूस दाखवतात का? नाही दाखवत! कारण माणूस कुठल्याही काचेत माणसासारखाच दिसतो. पोपट बघून खिसा उघडतो!

फार महागातले नकोत, अगदी स्वस्तातलेही नकोत, असं करत करत पंतांनी मधले दोन काढले. एकाचा काठ बारीक, दुसऱ्याचा आवाज भरदार. एकाचा लाल रंग गडद, दुसऱ्यातला काळोख जास्त काळा. काय म्हणालो? काळोख जास्त काळा! अहो, आमच्या वाडवडिलांना काळोख फुकट मिळत होता, आणि तो पुरेसा काळा होता!

पंत जवळ जाऊन बघतात, लांब जाऊन बघतात, एक डोळा मिटून बघतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भोगीलालशेठची माणसं पंत दिसले की गोदामात काहीतरी काम काढायला लागली.

काकू म्हणाल्या, "अहो, डावा घ्या."

"का?"

"जवळ आहे म्हणून."

पंतांनी असं बघितलं, जसं काही काकूंनी वेदांतली चूक काढली! "अगं, पोपटावरून काय कळणार? धावत्या माणसांवर परीक्षा व्हायला हवी. चित्र फाटतं का, पाय पुसट होतात का, ते खो-खोतच कळेल!" आणि शेठकडे वळून म्हणाले, "दोन्ही पाठवा घरी. सामना बघतो. जो पास होईल तो ठेवतो."

भोगीलालशेठनी हात जोडले. धंद्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं, पण निदान दुकानातून तरी जाईल, म्हणून बिचाऱ्याने दोन्ही पाठवले! आणि जाता जाता बदल्यात काय उचलून नेलं? जुना गुलाबी टीव्ही!

तर मंडळी, रविवार उजाडला. दिवाणखान्यात एका टेबलावर दोन टीव्ही, शेजारी शेजारी. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापील! पंत मध्ये, दोन हातांत दोन रिमोट. शेजारचे कुंभोजकर पंच म्हणून बोलावलेले. काकूंनी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, देवापुढे निरांजन लावून खुर्ची धरली. मांडीवर हात घट्ट. आता पोर येणार. आता खांबाला हात लावणार.

सामना सुरू झाला. सुरू झाला आणि डोक्याची मंडई झाली! दोन्ही टीव्हींचे आवाज चालू. उजव्यावरचा समालोचक बोलतो, डाव्यावरचा तेच किंचित मागून बोलतो. शिट्टी वाजते दोनदा. खो मिळतो दोनदा. काकूंना कळेना, कुठे बघायचं!

"आवाज एकाचा बंद करा हो!"

"मग आवाजाची तुलना कशी करणार?"

कुंभोजकर म्हणाले, "पंत, डाव्यावर आपल्या मुलींचे सदरे लाल दिसतात, उजव्यावर केशरी." झालं! ठिणगी पडली! पंत उठले. गडद, तोच खरा, म्हणजे लालच खरा, असं पंतांचं मत. कुंभोजकरांचं म्हणणं, लाल जरा जास्तच लाल आहे. सामन्यात कोण बाद झालं, गुण किती झाले, दोघांना पत्ता नाही. एक म्हणतो लाल, एक म्हणतो केशरी! आणि काकू? काकू खुर्चीतून मान उंच करतात, डावीकडून वाकतात, उजवीकडून वाकतात.

"अहो, बसा ना!"

"थांब गं, एवढं बघू दे."

"काय बघताय?"

"चित्र!"

"चित्रात कोण आहे?"

"ते नंतर!"

ते नंतर! मंडळी, ऐकलंत का? चित्रात कोण आहे, ते नंतर!

आणि तेवढ्यात समालोचकाचा आवाज आला. "शेवटची तुकडी मैदानात उतरते आहे, आणि तिच्यात आहे गार्गी तेरदाळकर!" मागून डाव्याचा, "गार्गी तेरदाळकर!" नाव दोनदा आलं हो घरात! काकू ताडकन उठल्या. आणि त्याच क्षणी, त्याच क्षणी, पंतांनी डाव्यावर रंगाची कळ दाबली. पडद्यावर ही मोठी पाटी! उजेड वाढवा, कमी करा. पोपटासाठी वेगळा रंग, सिनेमासाठी वेगळा रंग! पाटीने निम्मं मैदान झाकलं, खांबासकट! आणि उजव्यावर? उजव्यापुढे खुद्द पंत वाकलेले! काकूंना डाव्यावर पाटी दिसली आणि उजव्यावर नवऱ्याची पाठ दिसली.

"बाजूला व्हा!" काकू ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या. पंत दचकून बाजूला झाले. तोवर पोर खांब सोडून निघाली होती, केस उडवत, या बसलेल्या मुलीला वळसा, त्या बसलेल्या मुलीला वळसा. खेळताना दिसली. नमस्कार गेला होता.

तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, "बुवा, नंतर मोबाइलवर सापडतं की सगळं!" सापडलं ना! शोधून शोधून सापडलं. पण तुकडे काढून, जोडून टाकलेलं. बाद झालेल्या दिसतात, शिट्टी दिसते, गुण दिसतात. खांबाला हात लावणारी राखीव पोर कोण ठेवतो त्यात? तो हात ज्याच्यासाठी होता, त्यानेच बघायचा होता आणि तेव्हाच बघायचा होता.

थोड्या वेळाने फोन वाजला. काकूंनी उचलला.

"आजी! शिट्टी होईपर्यंत सापडले नाही मी! बघितलंस? आणि आजी... नमस्कार पोचला?"

काय सांगणार होत्या काकू? "पोचला" म्हणायचं, एवढंच. कुणाचं काय जात होतं? पण या बाईने त्या पोरीच्या नडग्यांना तेल चोळलं होतं, तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना. काकू म्हणाल्या, "नाही गं बाळा. नाही पोचला. आमच्याकडे दोन-दोन टीव्ही होते ना."

मग पोर म्हणाली, "आजोबांना दे."

पंतांनी फोन घेतला. बिचाऱ्याला वाटलं, पोरीला आनंद व्हावा. म्हणाले, "गार्गे! काय सुरेख दिसत होता तुझा लाल सदरा! डाव्यावर तर असा उठून दिसत होता!"

आणि पोर म्हणाली, "आजोबा, आमचा सदरा केशरी होता."

पंत खाली बसले. दोन्ही रिमोट दाबून दोन्ही टीव्ही बंद केले. समोर दोन काळे पडदे, आणि काळोख कुठल्यावर जास्त काळा आहे, हे त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोगीलालशेठचा माणूस दारात. "पंत, कुठला उचलू?" पंतांनी काकूंकडे बघितलं. काकू पोळ्या लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "दोन्ही उचला. आणि तुम्ही, गार्गीचा पुढचा सामना कुठे आहे ते विचारा. आपण जायचं. मैदानाच्या कडेला बसायचं."

आणि पंत, आपले श्रीधरपंत, म्हणाले, "बरं."

पहिल्या झटक्यात म्हणाले! देवाने काकूंचं ऐकलं, पण केवढ्याला ऐकलं बघा!

हसलात ना? पंतांना हसलात. हसा! आता माझ्याकडे बघा. मघापासून तिसऱ्या खांबाशी दोघे कुजबुजताहेत, ते मला इथून ऐकू येतंय. "कालच्या बुवांचा आवाज जास्त चांगला होता." असेल हो! कालचे बुवा काय म्हणाले, ते सांगा. आठवत नाही? आज मी काय म्हणालो, तेही उद्या आठवणार नाही. कारण तुम्ही ऐकायला नाही आलात, तोलायला आलात! कुणाची पेटी सुरेल, कुठला प्रसाद गोड, कुठल्या देवळातली आरास मोठी!

बरं, परीक्षाच घेतो. आत येताना सगळ्यांनी देवाला हात जोडलेत. मागे वळून बघायचं नाही! सांगा, लक्ष्मीनारायणाच्या खांद्यावर आज शेला कुठल्या रंगाचा आहे?

कोण म्हणालं लाल? आणि तिकडून? केशरी! वा! दोन्ही टीव्ही हजर आहेत!

अहो, आज शेलाच नाही! पुजारीबुवांनी सकाळी धुवायला टाकलाय. उघड्या खांद्याने उभा आहे तो, तुमच्याकडे बघत.

आता उठा आरतीला. आणि निदान एवढा वेळ तरी हातातले रिमोट खाली ठेवा, बाबांनो! तिकडून कुणी हात कपाळाला लावला, तर तो पोचू दे.