बॉनेटवरची भेळ

अहिल्या : हॉटेल काहून घेतलं, ते विचारून राहिली मी. साखर किती घालू, ते नाही.

नेत्रा : अगं, तुला त्रास नको म्हणून. आधीच तुझी किती ओढाताण होतेय. त्यात आम्ही तिघं, आमचं सामान, सियाचे खाण्याचे नखरे...

अहिल्या : फ्रीमाँटहून इथे बेलव्ह्यूपर्यंत एवढ्या लांब गाडी हाणत आलात, ते हॉटेलात झोपायला?

नेत्रा : झोपायलाच फक्त. दिवसभर इथेच आहोत की.

अहिल्या : सगळे असंच म्हणतात, बाई. चंदूला स्ट्रोक आला तेव्हापासून लोक येतात ते फळं घेऊन. सोफ्याच्या टोकावर बसतात, काही लागलं तर सांगा म्हणतात आणि ट्रॅफिक लागेल म्हणून उठतात. राहायला कोणी येत नाही. वाटलं, तुम्ही तरी याल. सकाळीच गाद्या काढून ठेवल्या मी.

नेत्रा : मला एक फोन करायचास ना गं.

अहिल्या : सांगावं लागेल असं वाटलंच नाही. ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपमध्ये आपण चौघं एका खोलीत झोपायचो. सुमंतच्या घोरण्याला कंटाळून चंदू उशी घेऊन गाडीत जायचा झोपायला. तेव्हा कोणाला त्रास झाला?

नेत्रा : तेव्हा तिशीही गाठली नव्हती आपण.

अहिल्या : आणि आहे कुठे सुमंत? तुला कोपऱ्यावर सोडून गेला. मी खिडकीतून पाहिलं. चेक-इनला एवढा वेळ लागत नाही.

नेत्रा : येईल गं. सिया आहे बरोबर.

अहिल्या : नेत्रा, माझ्याकडे बघून बोल.

नेत्रा : चहा उतू जातोय तुझा.

अहिल्या : जाऊ दे.

नेत्रा : बरं, ऐक. हॉटेल त्याने बुक केलं. मी नको म्हणत होते. वाटेत ऑरेगन लागलं तशी त्याची बोलती बंद झाली. दिसेल त्या रेस्ट एरियाला गाडी थांबवायचा. आज तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि म्हणाला, तू उतर, मी चेक-इन करून येतो. मागून सिया म्हणाली, 'डॅड, जस्ट गो इन.' पोरीलासुद्धा कळलं.

अहिल्या : काय कळलं?

नेत्रा : घाबरलाय तो. मला म्हणाला, चंदूचा आवाज माझ्या कानात आहे, तो तसाच राहू दे. मला त्याच्याकडे बघवणार नाही.

अहिल्या : हळू बोल. शेजारच्या खोलीत आहे चंदू. ऐकू येतं त्याला, समजतंही सगळं. बोलणं तेवढं गेलंय.

नेत्रा : काहीच बोलत नाही?

अहिल्या : एकेक शब्द येतो. थेरपिस्ट येते, चित्रं दाखवते. परवा चमच्याचं चित्र दाखवलं, तर हा म्हणाला, 'चमचा.' तिला कुठलं मराठी, तिने चूक म्हणून खूण केली. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी याला चमचाच म्हणतात, बरोबर म्हणून लिही. आता तीही चमचा म्हणून राहिली. पण वाक्य जुळत नाही त्याचं. सुरुवात करतो, अडकतो, मग भिंतीकडे तोंड करून बसतो. तेव्हा मलाही बघवत नाही, नेत्रा. पण मला हॉटेल बुक करता येत नाही ना.

नेत्रा : रागावलीस आमच्यावर.

अहिल्या : रागावले. आणि सुमंतचं मला कळतंही. दोन्ही आहे. मला राग वेगळाच येतो. तुम्ही येणार म्हणून सकाळी चंदूने कपाटाकडे बोट दाखवलं. नवा शर्ट हवा होता त्याला. तेव्हापासून तो खिडकीशी बसलाय. गाडी वळून गेली, ती त्यानेही पाहिली असेल.

नेत्रा : अरे देवा. थांब, मी सुमंतला फोन लावते. पण काय सांगू त्याला?

अहिल्या : तू काही सांगू नकोस. तुला त्या ट्रिपमधलं, पोर्ट ऑगस्टाच्या पुढचं आठवतं?

नेत्रा : भेळ? ती कोण विसरेल. पेट्रोल भरायला पंपावर थांबलो आणि तू चिवडा काढलास.

अहिल्या : चिवडा मी काढला, पण कांदा चिरायला तू बसलीस.

नेत्रा : बॉनेटवर पेपर पसरून भेळ कालवली, खाल्ली, हात धुतले आणि मजेत निघालो. थांबलो कशासाठी होतो, ते चौघांतल्या एकालाही आठवलं नाही.

अहिल्या : मग त्या उजाड रस्त्यावर गाडी बंद पडली. सुमंत स्टिअरिंग धरून बसला होता, तोंडातून शब्द नाही. घाबरला की तो तेव्हाही असाच गप्प व्हायचा.

नेत्रा : आणि चंदू ट्रकला हात दाखवून पेट्रोल आणायला गेला. परत आला तो मांडीवर कॅन घेऊन, ट्रकच्या केबिनमध्ये, घोड्यावरच्या नवरदेवासारखा.

अहिल्या : तेव्हापासून सुमंतचा फोन आला की चंदूचं आधी हॅलो नाही, तेच एक वाक्य. इतकी वर्षं अमेरिकेत काढली, इथे सगळे पेट्रोलला गॅस म्हणतात, हा काही बदलला नाही.

नेत्रा : आणि सुमंत चिडायचा. 'घरी सोफ्यावर बसलोय रे, पेट्रोल कशात भरू?'

अहिल्या : लाव त्याला फोन. दे इकडे.

नेत्रा : अगं, पण चंदूला बोलता आलं नाही तर? दोघांनाही किती लागेल.

अहिल्या : नाही आलं तर नाही. आपला माणूस अजून आहे, एवढं तरी कळेल सुमंतला.

(अहिल्या फोन स्पीकरवर टाकून शेजारच्या खोलीत चंद्रशेखरकडे जाते. नेत्रा दारात थांबते.)

अहिल्या : सुमंत, मी अहिल्या. तू काही बोलू नकोस, फक्त ऐक. चंदू, सुमंत आहे फोनवर. गाडीतच बसून असेल कुठेतरी, घरी येत नाहीये. बोल त्याच्याशी.

चंद्रशेखर : सु... सु...

नेत्रा : राहू दे, अहिल्या. नको.

अहिल्या : थांब तू. चंदू, घाई नाही आपल्याला.

चंद्रशेखर : पे... पेट्रोल.

अहिल्या : हं.

चंद्रशेखर : पेट्रोल... भरलंस का?

नेत्रा : अहिल्या, अगं...

अहिल्या : ऐकलं मी.

नेत्रा : सुमंत काय म्हणतोय?

अहिल्या : गाडी सुरू केलीय त्याने. सिया रस्ता सांगतेय, 'डॅड, लेफ्ट, लेफ्ट.'

नेत्रा : मला काहीतरी काम दे गं.

अहिल्या : टोपलीतला कांदा घे. बारीक चीर. चंदूला जाड गिळता येत नाही आता.