आमोदची इंटर्नशिप

कोथरूडच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक प्राध्यापिका उभ्या होत्या. तेवढ्यात त्यांचा विद्यार्थी आला.

"मॅडम, माझी इंटर्नशिप संपली."

"आठच दिवसांत, आमोद?"

"एथिक्सच्या तासाला तुम्हीच सांगितलंत ना, ग्राहकाशी खोटं बोलायचं नाही."

"बरं, मग?"

"ग्राहकाचा फोन आला. साहेब म्हणाले, काम होत आलंय म्हणून सांग. मी सांगितलं, अजून सुरूच केलेलं नाही."

"आणि साहेब?"

"म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस."

"कोण हे साहेब?"

"श्यामसुंदर आपटे."



"परवा आपल्या कॉलेजात त्यांचं व्याख्यान ठेवलंय मी. विषय, व्यवसायातला प्रामाणिकपणा."

"मग मी नको ना येऊ?"

"ये की. पाहुण्यांचा परिचय तूच करून दे."