गुरुवार, सकाळी साडेसातची नोंद

मी, सौ. ललिता शेखर बोरस्ते, वय ६७, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार गंगापूर रोड, नाशिक. आज गुरुवारी स्वतः ठाण्यात येऊन जबाब देते, तो असा :

माझे पती शेखर, वय ७२, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांच्या फोनमध्ये दोन ॲप आहेत. एकात ते आठवतील त्या जुन्या गोष्टी लिहितात. डॉक्टरांनी तसे सांगितले आहे. साइटवरच्या डायरीची सवय, म्हणून प्रत्येक नोंदीवर आधी त्या घटनेचा वार व वेळ घालतात. दुसऱ्यात मी माझ्या टॅबवरून त्यांची कामे लावते : गोळी, आंघोळ, फिरणे. वाजले की ते काम करतात आणि खूण करतात. न वाजलेले काही करत नाहीत.

रविवारी मी दोन्ही ॲप जोडली. डॉक्टरांच्या सूचना दोनदा टाइप कराव्या लागू नयेत, एवढाच हेतू. भाची संजना फोनवरून सांगत होती. जुन्या नोंदी घ्यायच्या का, असे स्क्रीनवर आले. संजना म्हणाली, "मावशी, थांब गं, मला बघू दे आधी." मी थांबले नाही. 'सर्व' दाबले.

मंगळवारी अकराला त्यांच्या फोनवर काम वाजले. ते पांढरा शर्ट घालून माझ्यासमोर बसले व म्हणाले, "शिक्षण किती झालंय आपलं?" मी म्हणाले, "बी.ए." ते म्हणाले, "नोकरी करायची असेल तर माझी हरकत नाही." मग खूण केली. माझ्या टॅबवर नोंद दिसली : "मंगळवार, सकाळी अकरा. ललिताला बघायला गेलो. पांढरा शर्ट."

जुन्या आठवणी कामे म्हणून वाजत आहेत, हा प्रकार माझ्या तेव्हाच लक्षात आला. जोडणी तोडली नाही. का, असे हवालदारांनी दोनदा विचारले.

आज मी आंघोळीहून आले तेव्हा ते घरात नव्हते. वॉचमन मल्हारी म्हणाला, "बाई, सायेब म्हणले आईला आणाया चाललो. म्या म्हणलं, आणा की, आमालाबी भेटवा!" टॅबवर होते : "गुरुवार, सकाळी साडेसात. वणीला गेलो. आईला घरी आणले." माझ्या सासूबाई कुसाबाई २००४ साली आमच्याच घरी वारल्या.

११.२० वाजता त्या नोंदीपुढे खूण आली. मी लगेच फोन लावला. ते म्हणाले, "आई चहा टाकतीये. घेऊन निघतोच." मागून म्हातारीचा आवाज आला, "साखर पुरं का रं, पोरा?" त्यानंतर फोन बंद आहे. तो आवाज कोणाचा, मला माहीत नाही. ओळखीचा वाटला का, असे विचारल्यावरून सांगते की, वणीत, म्हणजे त्यांच्या गावी, आता आमचे कोणी नाही.

अंगात निळा हाफ शर्ट, चष्मा, पायात घरातल्या चपला. वणीला कळवून शोध घ्यावा.

दुपारी तीनला मी एक नोंद स्वतः घातली आहे, त्यांच्या पद्धतीने : "गुरुवार, संध्याकाळी सहा. घरी आलो. ललिता होती." बंद फोनवर ती वाजेल का, हे संजनालाही सांगता आले नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. आता ५.१० झाले आहेत. सही करून मी घरी जात आहे. सहाला मला तिथे असले पाहिजे.