चिंगीची संमती

नाही मॅडम, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग चिंगीच्या तोंडात पुन्हा ती कापसाची काडी घाला— तिची संमती घेतलीत? हसू नका. ती बोलत नाही म्हणून काय झालं, मी, दिनानाथ, तिचा मालक, नाही म्हणतोय ना! सोसायटीने ठराव केला म्हणजे काय कायदा झाला? चेअरमनच्या गाडीच्या चाकाला कुत्र्याची घाण लागली, तर सगळ्या कुत्र्यांची थुंकी तपासायची, आणि ज्याचा डीएनए त्या घाणीशी जुळेल त्याला बिल्डिंगबाहेर काढायचं— अहो, इथे अंबरनाथला घरफोडी झाली तरी एवढा तपास होत नाही! बरं, नंतर तो नमुना ठेवणार कुठे? तुमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये? किती वर्षं? उद्या हिच्या पिल्लांनी कुठे पराक्रम केला तर पहिला फोन हिच्याच घरी— काय? मघाचा नमुना, चिंगीचा म्हणून मी दिलेला? त्याचं काय, पाठवून द्या की. काडीला बडीशेप चिकटलीय? हं... जेवल्यावर खाते ती थोडी— बरं, नाही खात. मी खातो. तुम्ही हात धुवायला गेलात, काडी समोर होती, फिरवली माझ्याच तोंडात. तो नमुना तरी संपूर्ण संमतीने दिलाय!

आणि हिची चूक काय हो? त्या गाडीच्या जागी आधी अनंताचं झाड होतं, उमाचं— माझ्या बायकोचं. ती चिंगीला तिथेच न्यायची, म्हणायची, झाडाला खत होतं. उमा गेली, मग यांनी झाड तोडलं, पेव्हर ब्लॉक टाकले आणि वर चेअरमनची गाडी. आता हे कुत्रीला कोण समजावणार? मी रोज दुसरीकडे ओढतो, पण ती खेचत तिथेच नेते, आणि मग मीही जरा उभा राहतो— म्हणजे, जात नाही हो आम्ही तिकडे! ते लिहू नका.

दुसरी काडी काढलीत? काढा, खुशाल काढा. खालीपीली वाया जाईल. परक्या माणसासमोर दातखीळ बसते तिची. साधी औषधाची गोळी द्यायची तर मला घरभर पळवायची. ऐकायची ती फक्त उमाचं. उमा समोर बसायची आणि हळूच म्हणायची, 'चिंगे, आ कर—'

...

मिट. चिंगे, मिट ते तोंड. अगं, उमा नव्हे, मी बोललो.

घ्या, मॅडम. लवकर घ्या, आणि निघा.