आपोआप उघडणारं झाकण

नाही, पण मला एक सांगा, लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झालेले, संध्याकाळची वेळ, जिन्यात आपण आणि नवरा दोघंच, तो वरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतो, आपल्यासमोर थांबतो, डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि अगदी हळू आवाजात विचारतो... काय विचारावं हो त्यानं? काहीही चाललं असतं. 'दमलीस का?' चाललं असतं. 'माझा टॉवेल कुठाय?' सुद्धा मी गोड मानून घेतलं असतं. आमचे हे म्हणाले, "तू आत्ता चाललीस का?"

म्हटलं, "कुठे?"

"कुठे नाही गं. चाललीस का? पायांनी. सात वाजून बारा मिनिटांनी."

चालले होते. कपाटापासून खिडकीपर्यंत. गुन्हा कबूल! पण ते यांना कळलं कसं? तर आलेखात आलं म्हणे. गच्चीवरच्या खोलीत यांची दुर्बीण, तिला कॅमेरा जोडलेला, एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं तिनं एकाच ताऱ्याकडे पापणी न हलवता बघायचं, आणि तेवढ्यात खाली कुणी पाऊल टाकलं की वर पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारते. आणि वर काय म्हणाले, ऐका. "पण तुझा धक्का फार नाजूक येतो गं. आईचा बघशील तर घाबरशील." आता हे कौतुक! आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले होते, "तुम्ही फार हळू चालता." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर लाजत होते हो! मैत्रिणीला सांगितलं होतं, कवी मनाचा दिसतो.

मी काही बोलले नाही. मी मुळातच कमी बोलते.

आता तुम्ही म्हणाल, हौस आहे, असू द्यावी. असू दे की! कुणाला पत्त्यांची असते, कुणाला पाण्यातल्या माशांची. माझी तक्रार दुर्बिणीबद्दल नाहीच मुळी. माझी तक्रार आहे सहलीबद्दल. लग्नानंतर चार दिवस समुद्रावर जायचं ठरलं होतं. दोघांनीच. हे 'दोघांनीच' जरा नीट ऐका, कारण या घरात आम्ही दोघंच असे सलग अकरा मिनिटांच्या वर कधी नसतो, मी मोजलंय, बाराव्या मिनिटाला एकतर सासूबाई येतात नाहीतर ढग. पण सहलीचं नाव काढलं की, "एकदा वरचं सगळं आपोआप चालायला लागू दे, निघालोच म्हणून समज!" कारण यांचा एक तेजोमेघ आहे. त्याचा मोसम असतो म्हणे. दोन महिने संध्याकाळी दिसतो, मग वर्षभर नाही.

म्हटलं, "पण वर्षानं परत येतो ना?"

"येतो ना!"

"मग?"

"मग म्हणजे?"

आता यावर काय बोलायचं? मी काही बोलले नाही.

शेवटी यांनीच अट घातली, स्वतःलाच. दुर्बीण सलग तीन दिवस कुणीही हात न लावता चालली, की चौथ्या दिवशी आम्ही गाडीत. तुम्हाला सांगते, तेव्हापासून माझा संसार त्या तीन दिवसांवर टांगलेला!

आता 'आपोआप' म्हणजे काय, तर अंधार पडायला लागला की गच्चीवरच्या खोलीचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकतं, त्याला फाटकाची मोटर लावलीय. मग दुर्बिणीच्या कमरेचा पट्टा गरम होतो, तिला दव बाधतं ना! (मला सर्दी झाली तेव्हा 'वाफ घे' म्हणाले.) मग तोंडावरचं झाकण उघडतं. पाऊस आला तर एक बटणाएवढी चकती तो ओळखते आणि छप्पर बंद करते. आणि हे सगळं होताना घरभर घोषणा होते, कारण सरकत्या छपराखाली कुणी सापडू नये. ही घोषणा यांनी कुणाच्या आवाजात भरून घ्यावी? सासूबाईंच्या! म्हणे, "आईचा आवाज आला की माणूस आपोआप बाजूला होतो." अहो, खरंय, होतो! पण तो कर्णा आमच्या बेडरूममध्ये! जरा कुठे हे शेजारी येऊन बसले, माझा हात हातात घेतला, की भिंतीतून सासूबाई, "बाजूला व्हा! उघडतंय!"

मी बाजूला होते. बोलत काही नाही.

पहिली परीक्षा. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी गच्चीत ओली चादर झटकली, चार थेंब चकतीवर पडले, चकतीला वाटलं पाऊस, घोषणा झाली, छप्पर निघालं, आणि सासऱ्यांचा पायजमा वाळत होता तो रुळात गेला. मोटर गुरगुरतेय, पायजमा आत आत चाललाय, सासूबाई दुसऱ्या टोकाला धरून ओढतायत आणि भिंतीतून त्यांचाच आवाज त्यांना सांगतोय, "बाजूला व्हा!" त्या भिंतीला म्हणाल्या, "तूच हो!"

दुसरी परीक्षा. सासरे निवृत्त भूमापक. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांना साधं चालता येत नाही, मोजूनच चालतात. जेवण झालं की शंभर पावलं, दुर्बिणीच्या बरोब्बर खालच्या व्हरांड्यात. तीन दिवसांनी हे फोटो घेऊन खाली आले, चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं. फोटोतल्या एकूण एक ताऱ्याला शेपूट!

"बाबा, ही तुमची पावलं."

सासऱ्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "सगळी सारखी पडलीत की! मग? चाळीस वर्षांचा हात आहे. फ्रेम करून लाव."

सहल पुन्हा पुढे. मी बॅग भरली होती, ती उपसली. बोलले नाही.

तिसरी परीक्षा. पायजमे गच्चीतून हद्दपार, सासऱ्यांची शंभर पावलं रस्त्यावर, घरात सगळे मांजरासारखे. पहिल्याच संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीत गेले. छप्पर उघडलेलं होतं. दुर्बीण ऐटीत मान वळवून तेजोमेघाकडे बघत होती. आणि तोंडावर झाकण तसंच! गच्च! म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस मोठ्या गंभीरपणे 'वा, काय देखावा आहे' म्हणत उभा असतो ना, तसं. झालं होतं काय, की झाकण उघडणारी छोटी मोटर फिरत होती, पण तिच्या चाकाचे दात झिजलेले. मोटर फिरायची, झाकण जागचं हलायचं नाही, आणि मोटर मात्र खाली कळवून मोकळी, उघडलं म्हणून. अशी माणसं असतात बघा कचेरीत.

आता विचार करा. हे मी सांगितलं असतं तर? ते दातांचं चाक मागवायचं, ते यायला सहा आठवडे लागतात, एकदा मागवलं होतं तेव्हा लागले होते. तोवर कसली सहल? आणि झाकण नुसतं चुंबकावर बसलेलं, ओढलं की हातात. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ओढलं. ताटाएवढं झाकण! कपड्यांच्या ढिगात घातलं आणि खाली आले, हळू चालत. सकाळी पुन्हा कपडे वाळत घालायला गेले, बसवून आले. तीन दिवस! इतके कपडे त्या घरात कधी धुतले गेले नव्हते. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून स्वच्छतेची वेडी आहे हो."

तिसऱ्या दिवशी आमचे हे जिन्यावरून नाचत खाली. नाचत म्हणजे अक्षरशः, आलेखाची पर्वा न करता! लगेच यांच्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या दंतवैद्यांना फोन. हे दंतवैद्य दिवसा लोकांचे जबडे बघतात आणि संध्याकाळी शनी. "डॉक्टर, झालं! तीन दिवस! हात न लावता!" तिकडून आवाज, "झाकणसुद्धा?" "झाकणसुद्धा! आपोआप!" "पूर्ण उघडलं? आ केल्यासारखं?" "आ केल्यासारखं!"

मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय?

तिकिटं काढली. आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अगं बाई, आपण तिथे, मग झाकण कोण काढणार? काढून ठेवून जावं तर कुठे ठेवावं? खोलीतल्या फळीवर ठेवलं तर सहलीसाठी म्हणून यांनी तिथे आणखी एक कॅमेरा लावलाय, त्यात दुर्बिणीची पाठ आणि नेमकी फळीच दिसते, हे फोनवर सारखं बघणार. घरात ठेवलं तर सासूबाई! त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. पातेलं, बरणी, पेन, जांभई देणारा माणूस, काहीही उघडं दिसलं की आधी झाकतात. झाकण दिसलं असतं की त्याचं तोंड शोधत त्या गच्चीत गेल्याच असत्या. मग मी काय केलं? पर्समध्ये घातलं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "एवढी फुगली कशी गं?" म्हटलं, "खाऊ आहे."

आणि तुम्हाला सांगते, ते दोन दिवस! रोज सकाळी यांच्या फोनवर फोटो येत होते, निर्मळ, एकाही ताऱ्याला शेपूट नाही. पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते, दुसऱ्या दिवशी तासानं, आणि संध्याकाळी वाळूत बसलेलो असताना यांनी फोन चक्क खिशात ठेवला. मला विचारलं, "लहानपणी तुला कसली भीती वाटायची?" अकरा मिनिटं झाली, बारावं उलटलं, कुणी आलं नाही. मी बोलत होते! मीच! पाण्याची, कोंबड्याची, मुख्याध्यापकांची, सगळ्या भीत्या सांगितल्या. आणि सांगता सांगता पर्स मात्र मांडीखाली दाबून धरलेली.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यात पाय बुडवून उभी, आणि हे वाळूतून ओरडले, "चष्मा पुसायचं कापड तुझ्याकडे आहे ना?" मी वळेपर्यंत पर्स उघडली होती.

झाकण दोन्ही हातांत धरून बसले होते. रुमाल सापडल्यासारखे नाही, दुसऱ्या पुरुषाचं पत्र सापडल्यासारखे.

मग मात्र मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा न थांबता बोलले, दात झिजलेत, मोटर खोटं बोलते, मी कपड्यांतून न्यायचे, सहा आठवडे लागले असते, मला यायचं होतं, तुमच्याबरोबर यायचं होतं, दोघांनीच, चुकलं माझं... सगळं एका दमात, पायांवरून लाटा जातायत आणि मी बोलतेय! हे उठले. झाकण घेऊन पाण्याच्या कडेनं चालत गेले. लांब गेले. मी म्हटलं, संपलं. दोन महिन्यांचा संसार. आईला काय सांगू? झाकणावरून मोडलं म्हणून?

मग वळले. आले. समोर उभे राहिले, डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "एक विचारतो. खरं सांगशील?"

म्हटलं, "विचारा."

"कुठल्या कप्प्यात ठेवलं होतंस?"

"अं? ... मधल्या."

"चेनच्या?"

"हो."

"म्हणूनच!" आणि झाकण उन्हात धरलं. "धुळीचा कण नाही गं! मी तीन वर्षं झगडतोय. खोका केला, पिशवी शिवली, मोटर बसवली... आणि तू!" डोळ्यांत पाणी होतं हो यांच्या. खाऱ्या वाऱ्याचं म्हणाले.

माफी? माफी कुणाला हवी होती! यांनी तिथेच वाळूत बसून नियमावली लिहून काढली आणि मंडळातल्या सगळ्यांना पाठवली. पायरी एक, झाकण काढून पत्नीच्या पर्समध्ये ठेवणे, मधला कप्पा, चेन लावून. पायरी दोन, पत्नीला घराबाहेर नेणे. कारण पत्नी घरात असली तर चालते, आणि पर्स घरात असली तर आई झाकणाचं तोंड शोधत गच्चीत जाते. आठवड्यानं दंतवैद्यांच्या बायकोचा मला फोन. "तूच का गं ती?" अहो, त्यांच्या पर्समध्ये शनीचं झाकण! नातेवाइकाच्या लग्नात रुमाल काढायला गेल्या आणि ते घरंगळत नवरदेवाच्या पायाशी!

तेव्हापासून आकाश निरभ्र असलं की हे मला फिरायला नेतात. रोज! बागेत, तळ्यावर, कुठेही. सगळी गल्ली म्हणते, नवरा असावा तर असा. सासूबाई डोळे पुसतात. आणि तक्रार तरी काय करू, गप्पा मारतात, हात धरतात, फक्त दुसऱ्या हातानं पर्स चाचपत असतात. ढग आले की घरी.

परवा लग्नाला वर्ष झालं. संध्याकाळी हे मागे हात लपवून आले, पुढे केला, तर नवी पर्स! मला आवडतो तोच निळा रंग, छान शिवण, मऊ कातडं, हात आत घातला तर कोपरापर्यंत गेला. म्हटलं, "अय्या, किती मोठी!" मला भरून आलं हो. म्हणाले, "आवडली? चौदा इंची बसतं बघ, मोजून आणलीय. नवी दुर्बीण उद्या येतेय. पट्टा मुद्दाम जाड बघून घेतला, हे झाकण लोखंडी आहे."

खांद्याला लावली आणि चपला घातल्या. करणार काय? आकाश निरभ्र होतं.