पाळकांची हजामत

बहीण : मान खाली. अजून. प्रार्थनेला घालतोस तेवढी.

पाळक : या मजल्यावर दुसरी कोणी नव्हती का हे काम करायला?

बहीण : दोघी आहेत. पण फळ्यावर तुझं नाव दिसलं. खाट सात, मेंदूची गाठ, डोक्यावरचे केस काढणे. म्हटलं, हा पेशंट माझा. तेवीस वर्षं इथे मावशी म्हणून राबतेय, आज पहिल्यांदा काम मागून घेतलं.

पाळक : दोन वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस.

बहीण : आता बोलते. तुला हलता येत नाही, तेव्हा सोयीचं आहे.

पाळक : मशीन जरा हळू फिरव. चटका बसतोय.

बहीण : हळूच आहे. पुढचे केस दाट आहेत ना तुझे. या केसांवर चर्चची अख्खी मंडळी फिदा. वेदीवर उभा राहिलास की खिडकीतलं ऊन बरोबर इथे पडायचं, आणि पुढच्या बाकावरच्या बायका उसासे टाकायच्या. घे, हे बघ झुलूप मांडीवर पडलं. साधं पिंजलेल्या कापसासारखं दिसतं.

पाळक : तुला मजा येत असेल तर येऊ दे. मी शांत आहे.

बहीण : मग हात चादरीखाली का घातलास?

पाळक : गार वाटतंय.

बहीण : दाखव.

पाळक : नको.

बहीण : दाखव म्हणते ना. अगं बाई! पंख्याचं पातं हलावं तसा हलतोय. भीती वाटते, दादा?

पाळक : हा गाठीचा परिणाम आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.

बहीण : मी हाताचं नाही विचारलं.

पाळक : ... वाटते.

बहीण : किती?

पाळक : आठ दिवस झोप नाही. डोळे मिटले की असं वाटतं, देवापुढे उभा आहे आणि तो माझ्याकडे बघतच नाही. एकतीस वर्षं मी लोकांना, देव आपल्याला घेणारच, या तारणाच्या खात्रीवर शिकवलं. आता स्वतःच्या आत हात घालतो तर काही लागत नाही. हे मंडळीत कुणाला सांगू नकोस.

बहीण : तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?

पाळक : काय?

बहीण : तारीख विचारते. मनात शांती आहे का? नसेल तर का नाही? विश्वास असता तर भीती कुठून आली असती? बोल ना. प्रश्न ओळखीचे नाहीत का?

पाळक : तू हे सगळं पाठ केलंस?

बहीण : पाठ करावं लागलं नाही. मी उशाशी उभी होते. ह्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी, दोन शब्दांनंतर धाप, आणि तू समोर खुर्चीत, मांडीवर वही. हे म्हणाले, दादा, भीती वाटते हो, एकदा सांगा, तो मला घेईल ना? काय म्हणालास तू?

पाळक : मला आठवतंय.

बहीण : मग म्हण. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

पाळक : मी म्हणालो... माझ्याकडून वदवून घेऊ नका. तुमच्या मनाला विचारा. भीती ही विश्वास नसल्याची खूण आहे.

बहीण : हां. तसंच. आवाज मात्र तेव्हा खणखणीत होता. डावीकडे वळ.

पाळक : मी खोटं आश्वासन देऊ शकत नव्हतो. पाळकाची जबाबदारी असते. माणूस उपासनेला येत नव्हता, चारचौघांत मंडळीची थट्टा केली होती...

बहीण : मंडळीची नाही. तुझी.

पाळक : तो विषय आता कशाला?

बहीण : तोच तर विषय आहे! बुधवारचा अभ्यासवर्ग. तू फळ्यावर लिहीत होतास, खरी खात्री असलेल्या माणसाच्या नऊ खुणा. आणि हे मागच्या बाकावरून म्हणाले, पाळकसाहेब, मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करतोय. काही माणसं आत शिरली की थरथर कापतात, काही शीळ घालतात. आठव्या मजल्यावर दोघं एकदमच पोहोचतात. दोर कुणाची छाती मोजत नाही. तो पक्का असला की झालं. सगळे हसले. तुझी बायको, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, तीसुद्धा हसली.

पाळक : ती सगळ्यात जास्त हसली.

बहीण : आणि तू खडू खाली ठेवलास.

पाळक : त्या दिवसापासून मी नऊ खुणा कधी शिकवल्या नाहीत.

बहीण : पण ह्यांच्यावर तपासून पाहिल्यास. मरणाच्या खाटेवर.

(नर्स दारातून डोकावते.)

नर्स : मावशी, झालं का? वीस मिनिटांत खाली ऑपरेशनला न्यायचंय. आजोबा, कवळी आहे का तोंडात? काढून या डबीत ठेवा. अंगठी, चष्मा काहीच नको.

बहीण : दहा मिनिटं द्या, सिस्टर. मागची बाजू राहिलीय.

नर्स : दहाच हं!

पाळक : कवळी शेवटी काढू? मला अजून बोलायचंय.

बहीण : आत्ता काढ. आयुष्यभर बोललास. दे इकडे.

पाळक : ...अशा तोंडानं मी तुझ्यापुढे कधी बसलो नव्हतो.

बहीण : मीही कधी तुझ्यापुढे दार धरून रडले नव्हते. त्या दिवशी रडले. तू जिना उतरत होतास. मी वरून म्हटलं, दादा, परत ये, एक वाक्य बोल. तू अर्ध्या जिन्यात थांबलास. मला तुझं मागून टक्कल पडत चाललेलं टाळकं दिसत होतं वरून, हो, पडत होतं, तुला कुणी सांगत नव्हतं एवढंच. थांबलास, आणि मग गेलास.

पाळक : यावंसं वाटलं होतं.

बहीण : पण आला नाहीस.

पाळक : नाही.

बहीण : का?

पाळक : कारण... मला उत्तर ठाऊक होतं. पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. माणूस हात पुढे करून विचारतोय, त्याला घेणार नाही तर कुणाला? पण मला वाटलं, आधी थोडा झुरू दे. त्याने म्हणावं, त्या बुधवारी माझं चुकलं. मग सांगीन. मला वाटलं, अजून आठवडा आहे.

बहीण : तीन दिवस होते.

पाळक : ठाऊक आहे.

बहीण : आणि मातीच्या वेळी? सगळ्यांच्या वेळी तू म्हणतोस, पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेने. ह्यांच्या खड्ड्यापाशी ते शब्द गाळलेस. नुसतं म्हणालास, देवाच्या दयेवर सोपवतो. माझ्या शेजारी उभी असलेली बाई कुजबुजली, काहीतरी असणार. आमच्या मुलीने ते ऐकलं. ती परत चर्चची पायरी चढलेली नाही.

पाळक : मला क्षमा कर.

बहीण : नाही.

पाळक : मी हात जोडतो.

बहीण : हात खाली ठेव, सलाईनची सुई निसटेल. नाही म्हटलं ना. अजून एक ऐक. तू गेल्यावर मी तोंड धुतलं, आत गेले आणि ह्यांना म्हटलं, दादा जिन्यात बोलला. म्हणाला, काळजी करू नकोस म्हणावं, त्याच्याकडे येईल त्याला तो परत पाठवत नाही. हे म्हणाले, तो म्हणाला? स्वतः? मी म्हटलं, स्वतः. मग ह्यांनी अर्धा कप दूध घेतलं. झोप लागली. दुसऱ्या दिवशी धाप कमी नव्हती, पण डोळ्यांतलं ते पळणं थांबलं होतं. मला म्हणाले, दादाला माझे आभार सांग.

पाळक : माझ्या नावावर बोललीस तू?

बहीण : माझ्या शब्दाला घरात वजन नव्हतं. तुझ्या होतं. म्हणून तुझा चोरला. दोन वर्षं मला हाच जाच, की खोट्याच्या आधाराने माणूस गेला.

पाळक : ते खोटं नव्हतं. मी म्हणालो, एवढंच खोटं. बाकी प्रत्येक अक्षर खरं होतं.

बहीण : आज सांगतोस.

पाळक : आज कळतंय. ...छकुले.

बहीण : त्या नावाने हाक मारू नकोस.

पाळक : मला सांग ना ते. त्याला सांगितलंस ते.

बहीण : तुझ्या मनाला विचार.

पाळक : विचारलं. तिथे काही नाही. जिन्यातला मीच उभा आहे तिथे, पाठ करून. एकदा सांग. तू म्हणालीस तर मी धरून ठेवीन.

बहीण : मी न सांगता तुला खाली नेलं, तर तुला कळेल त्यांचे ते तीन दिवस कसे गेले असते.

पाळक : कळेल. तसंच व्हावं, असं तुला वाटत असेल तर...

बहीण : वाटतं! तेवीस वर्षं फळ्यावर रोज नावं बघते. आज तुझं दिसलं तेव्हा मला आनंद झाला, दादा. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. ...कानामागचा राहिला. हलू नकोस.

पाळक : नाही हलत.

बहीण : येईल त्याला तो परत पाठवत नाही. ऐकलंस? थरथरत आला तरी. तोंडाचं बोळकं घेऊन आला तरी. मी तुला माफ केलेलं नाही, पण तो मला विचारून ठरवत नाही. मला हे आवडत नाही. पण तो तुलाही घेईल.

(पाळक चादरीच्या टोकाने डोळे पुसतो.)

बहीण : रडू नकोस, केस डोळ्यांत जातात.

नर्स : झालं? वा, गुळगुळीत. चला आजोबा, स्ट्रेचर आलंय. कागदावर नातेवाईक कोण लिहू? बाहेर बाकावर कोणीच नाही.

पाळक : मंडळीतले दोघं येणार होते.

नर्स : आलेले नाहीत.

बहीण : माझं लिहा. सख्खी बहीण.

नर्स : तुमचा भाऊ? सकाळपासून बोलला नाहीत! पण मावशी, तुमची ड्यूटी दोनला संपते. हे पाचपर्यंत चालेल.

बहीण : माहीत आहे.

पाळक : म्हणजे तू थांबणार?

बहीण : माझं बोलून अजून झालेलं नाही.